कॅन्सरच्या गाठीच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम: फिजिओकडे जाऊन की घरच्या घरी? बेळगाव सीमाभागातल्या पेशंटसाठी

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली शेवटची एक ओळ असते: फिजिओथेरपी करावी. कुठे, कुणाकडे, किती दिवस, घरी केली तर चालेल का, यातलं काहीच तिथे नसतं. सर्जन राउंडला येतात तेव्हा टाके कधी निघणार, रिपोर्ट कधी येणार आणि किमो लागणार का, एवढंच आपण विचारतो. व्यायामाचं मागाहून बघू म्हणतो. मग घरी आल्यावर सल्ले सुरू होतात. एक जाऊबाई म्हणते, "हात हलवू नको गं, टाके उसवतील." पुतण्या म्हणतो, "काकू, यूट्यूबवर सगळं आहे, बघून करा."

मी शहापूरची. माझं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या, पुढे किमो आणि रेडिएशन झालं. त्यानंतर गल्लीतल्या, पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांबरोबर फिजिओच्या बाकावर जाऊन बसले. मी डॉक्टर नाही. पण हा निर्णय घेताना माणसं कुठे अडतात ते बऱ्यापैकी पाहिलंय.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात जाणकाराच्या नजरेखाली करावी, मग घरी करावं आणि मधूनमधून दाखवून यावं. किती नजरेखाली आणि किती घरी, हे तुमचं ऑपरेशन, गाव, घर आणि स्वभाव बघून ठरतं. त्यातलं ऑपरेशन डॉक्टरांना माहीत असतं. बाकीचं तुम्ही तोंड उघडून सांगितलं तरच कळतं. नाही सांगितलं तर ते आठवड्यातून तीनदा या म्हणतात, आपण मान डोलावतो, थोडे दिवस जातो आणि मग बंद.

१. 'मी घरीच करते' असं कुणी म्हणू नये

साधी चरबीची गाठ काढली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही; जखम भरली की कामाला लागा. पण पुढच्यापैकी काही असेल तर पहिले काही आठवडे फिजिओसमोरच व्यायाम करावा, तुमची आवड काहीही असो:

- मेंदूतली गाठ काढली आहे, झटके येतात किंवा चालताना तोल जातो.
- हाडाची गाठ काढून आत सळी किंवा कृत्रिम सांधा बसवला आहे. पायावर किती भार टाकायचा हे सर्जनच सांगणार, अंदाज चालत नाही.
- फुफ्फुसाचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं आहे.
- आजार हाडात पसरला आहे. अशा वेळी चुकीच्या वाकण्याने हाड मोडू शकतं.
- आधीपासून हृदयविकार आहे, किंवा हृदयावर परिणाम करू शकणारी औषधं चालू आहेत. ज्याला पेशंट 'लाल किमो' म्हणतात, ते डॉक्सोरुबिसिन त्यातलंच.
- हात किंवा पाय सुजायला लागला आहे.
- हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट खूप खाली आल्या आहेत. यात व्यायाम करायचा की थांबायचं हेसुद्धा आधी डॉक्टरांनी सांगायला हवं.

बाकीच्यांना निवडायला मोकळीक आहे.

२. कागद एका पिशवीत घाला

- डिस्चार्ज कार्ड
- ऑपरेशन नोट
- गाठीच्या तपासणीचा, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट
- अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला असेल तर तोही
- चालू औषधांची यादी
- आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड
- सर्जनची फिजिओसाठी चिठ्ठी

ऑपरेशन नोट मागितल्याशिवाय सहसा हातात येत नाही. डिस्चार्ज कार्डात ऑपरेशनचं फक्त नाव असतं. कुठली गाठ काढली, कुठली नस वाचवली आणि कुठला स्नायू कापला ते नोटमध्ये असतं. फिजिओला नेमकं तेच हवं असतं. चिठ्ठीवर 'व्यायाम करावा' एवढंच लिहून घेऊ नका. खांदा किती वर न्यायचा, वजन कधीपासून उचलायचं, काय अजिबात करायचं नाही, या तीन गोष्टी लिहून मागा.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधारवर एक स्पेलिंग, आणि मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यात आडनाव लिहिलेलं तिसऱ्याच तऱ्हेने. योजनेच्या खिडकीवर हे नडतं. पहिल्याच भरतीवेळी आधार पुढे करून त्यावरचंच नाव जसंच्या तसं लिहायला सांगा. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही ठेवा.

३. तुमच्या ऑपरेशनला कुठला व्यायाम, हे मोघम तरी माहीत असू द्या

स्तन आणि काख: खांदा आखडतो, काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं वाटतं आणि काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजण्याची शक्यता राहते. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी असेपर्यंत बहुतेक ठिकाणी हात खांद्याच्या रेषेपर्यंतच न्यायला सांगतात. मूठ उघड-मीट आणि कोपर वाकवणं मात्र लगेच सुरू होतं. पुढे भिंतीवर बोटांनी चढणं, काठी धरून दोन्ही हात वर नेणं, मग हलकी वजनं. "त्या हाताने आयुष्यभर काही उचलायचं नाही" असं जुन्या बायका सांगतात, आणि काही नर्ससुद्धा सांगतात. अमेरिकेत २००९ मध्ये हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांवर अभ्यास झाला. शिकवून, अगदी हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांनी त्यांची सूज वाढली नाही. पण त्यातले शब्द 'शिकवून' आणि 'हळूहळू' आहेत. परवा ड्रेन निघाला आणि आज विहिरीवरून घागर आणली, याला तो अभ्यास लागू होत नाही.

तोंड, जीभ, गाल, जबडा: निपाणी पट्ट्यात तंबाखू, आणि गुटखा सगळीकडे, त्यामुळे आपल्याकडे हे ऑपरेशन झालेली माणसं घराघरात सापडतात. यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, तोंड उघडत नाही, आणि रेडिएशननंतर ते आणखी आवळतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात मावतात का ते रोज बघायचं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि फिजिओ सांगेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची, हा अगदी स्वस्त आणि कामाचा उपाय आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसलेला असतो. खांदा खाली ओघळतो, शर्ट घालताना हात वर जात नाही. पुरुष मंडळी हे 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतात. तो अशक्तपणा नसतो, आणि त्यावर फिजिओसमोर केलेल्या व्यायामाचा चांगला उपयोग होतो. तोंडाच्या पेशंटला बोलताही नीट येत नाही, त्यामुळे तो फोनवर शंका विचारणार नाही. त्याच्यासाठी माझा कौल समोरासमोर भेटण्यालाच.

पोट, आतडं, गर्भाशय: पहिले साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, भरलेली घागर तर नाहीच. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. चालणं मात्र दवाखान्यातच सुरू होतं. पोटावर पिशवी बसवली असेल तर पोटाचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोत, तिथे हर्निया होतो.

छातीच्या ऑपरेशनला तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र देतात. ते घरी आणून फ्रिजवर ठेवू नका. जागेपणी वापरा.

४. तुम्हाला काय जमेल, हे खरं खरं ठरवा

पेशंटला काय आवडतं यावर जगभर पाहण्या झाल्या आहेत, आणि जवळपास सगळ्यांत चालणं पहिलं येतं. बरेच जण घरी किंवा घराजवळच व्यायाम करायला तयार असतात, पण आधी कुणीतरी दाखवावं आणि मधे कुणीतरी विचारावं अशीही त्यांची इच्छा असते. हे मला अगदी पटतं.

पण 'घरी' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात घरच असतं असं नाही. आमच्या बायका घरी म्हणतात तेव्हा पुष्कळदा लाज बोलत असते: पुरुष फिजिओ असेल, ब्लाउज काढायला लावेल, एका बाजूची सपाट छाती दिसेल. असं असेल तर घर हा त्यावरचा उपाय नाही. बाई फिजिओ मिळेल का ते फोन करून आधी विचारा, पुढून बटणं असलेला सैल ब्लाउज किंवा गाऊन घालून जा, आणि पडदा लावायला सांगा. सांगायला संकोच नको.

उलटही असतं. एक वहिनी रोज दवाखान्यातच जाते म्हणाली तेव्हा घरचे हसले; घरी काय कमी जागा आहे का? जागा भरपूर होती. पण हातात काठी घेऊन ती सोप्यात उभी राहिली की सासऱ्यांचा चहा यायचा, मग दुधवाला, मग मुलाचा डबा. घरातली बाई घरात मोकळी उभी आहे हे कुणाला दिसतच नाही. तिच्यासाठी दवाखान्यात जायचा तास म्हणजे घरातून हक्काने बाहेर पडायचा तास होता. असं असेल तर तेच कारण फिजिओला सांगा, ते तितकंच खरं कारण आहे.

आता स्वतःला विचारा:

- कुणी न विचारता मी रोज औषध घेते का? घेत नसाल तर व्यायामही एकट्याने होणार नाही.
- दुखायला लागलं की मी थांबते, की ओढून नेते? दोन्ही टोकांच्या माणसांना सुरुवातीला नजर हवी.
- येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो का, आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो का?
- व्यायामाच्या वेळी घरात कुणी असतं का? पडलात तर?
- चारचौघांत व्यायाम केला की हुरूप येतो, की अंग चोरलं जातं?

मागावर बसणाऱ्या वडगाव-खासबागच्या माणसांनी एक जास्तीचा प्रश्न विचारावा: मी कामावर कधी परतणार? लूमवर हात खांद्याच्या वर किती वेळा जातो ते तुम्हीच फिजिओला करून दाखवा. त्यांना तुमचं काम माहीत नसतं, आणि नुसतं 'हात वर गेला, झालं' यावर ते सोडून देतात.

नजरेखालच्या व्यायामाचा फायदा किती, हेही जाणून घ्या. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, घरी एकट्याने करण्यापेक्षा देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने ताकद आणि रोजचं जगणं जास्त सुधारल्याचं दिसलं. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास आला. ऑपरेशन आणि किमो झालेले ८८९ पेशंट. अर्ध्यांना आरोग्याची पुस्तिका, अर्ध्यांना पुस्तिका आणि तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात ७३.९ टक्के आणि व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते. या लोकांना रोज जिममध्ये बोलावलेलं नव्हतं. सुरुवातीला समोर, पुढे पुढे भेटी विरळ आणि काही फोनवर. बरेच जण नुसतं झपझप चालले. ब्रिटनमध्ये स्तनाच्या ऑपरेशननंतर ३९२ स्त्रियांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासातही हीच रीत होती: ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांत पहिली भेट, फिजिओच्या मोजक्याच भेटी, बाकी सगळं घरी. वर्षाअखेर त्यांचे हात, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या बायकांपेक्षा चांगले चालत होते.

म्हणजे रोज बेळगावला खेटे घालणं जमत नाही म्हणून सगळंच सोडायचं कारण नाही. मोजक्या भेटी नीट वापरल्या तर पुरतात.

५. फिजिओ कुठे शोधायचा

ऑपरेशन जिथे झालं तिथेच व्यायामाला गेलं पाहिजे असं नाही. आपल्याकडचा पेशंट ऑपरेशनला मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोव्यातलं बांबोळी किंवा थेट मुंबईच्या टाटाला जातो आणि तिथून परत आला की व्यायामाचा धागा तुटतो. सर्जनची चिठ्ठी घेऊन जवळच्या फिजिओकडे जायचं, आणि फॉलोअपला सर्जनकडे.

बेळगावात नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. केएलईचं स्वतंत्र कॅन्सर हॉस्पिटलही जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं. सरकारी म्हटलं तर सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स (सरकारी मेडिकल कॉलेजचं). हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तालुक्याच्या गावी खासगी फिजिओ असतात आणि काही जण घरीही येतात. कुठेही गेलात तरी आधी एकच प्रश्न: "कॅन्सरच्या ऑपरेशनचे पेशंट बघता का?" गुडघे आणि कंबर बघणारा प्रत्येकजण काखेची सूज बघतोच असं नाही.

भाषेची धास्ती घेऊ नका. बेळगावात मराठी कळणारं कुणीतरी असतंच, आणि व्यायाम करून दाखवायचा असतो. हुबळीला जाताना मात्र घरातलं कन्नड येणारं माणूस बरोबर न्या.

खर्च आणि प्रवास. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. पण हा पैसा मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांचा. घरी आल्यानंतर ओपीडीत घेतलेल्या फिजिओची फी त्यात धरली आहे असं गृहीत धरू नका. डिस्चार्जच्या आधीच आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा, म्हणजे दवाखान्यात असतानाच एक-दोन वेळा फिजिओ बेडपाशी येऊन शिकवून जाईल. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (महाराष्ट्राची मोफत उपचारांची योजना) लागू करायचं महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. पुढे त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. तेव्हा पुढाऱ्याच्या भाषणावर विसंबून गाडी करू नका. ज्या दवाखान्यात जायचं तिथे फोन करून, गावाचं नाव सांगून खात्री करा.

बायकांसाठी ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस बसचा प्रवास फुकट आहे. ओळखपत्र जवळ हवं. पण ही सवलत राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला नाही. निपाणीच्या बाईला कोल्हापूर जवळ पडतं, पण तिकीट लागतं. बेळगाव लांब पडतं, पण फुकट. ऑपरेशनची तपासणी कोल्हापुरात आणि व्यायाम बेळगावात, असा हिशेब काही जणी घालतात आणि तो चुकीचा नाही. रेल्वेने जायचं तर कॅन्सरच्या पेशंटला दवाखान्याच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर सवलत मिळते: स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ, साध्या डब्याला ७५ टक्के सूट. सोबतच्या एकालाही सूट असते. दाखला आधी घ्या, स्टेशनवर जाऊन तो मिळत नाही.

इथले तीन सापळे. मालिशवाला किंवा हाडं बसवणारा सुजलेला हात जोरात चोळून देतो. त्याच्याकडे जाऊ नका, सूज उतरवायचा मसाज वेगळा आणि फार हलका असतो. दुसरा, कुणी ऑपरेशनच्या जागी शेकाचं किंवा अल्ट्रासाउंडचं मशीन लावू लागला तर थांबवा आणि सर्जनला विचारा. कॅन्सरच्या जागेवर ही मशीनं टाळतात. तिसरा, जिमचा ट्रेनर. पोरगा गुणी असेल, पण त्याला तुमची काख माहीत नाही.

६. पहिल्या भेटीतून काय घेऊन यायचं

फिजिओ एका दमात आठ-दहा व्यायाम दाखवतो, आणि गोगटे सर्कलपर्यंत येताना त्यातले दोनच लक्षात राहतात. म्हणून विचारून फोनवर व्हिडिओ काढा. व्हिडिओत फिजिओ नको, तुम्ही हवेत: तुम्ही करताय आणि तो "कोपर सरळ, खांदा वर नको" म्हणतोय, असा. एकदा समोरून, एकदा बाजूने.

मग लिहून घ्या: कुठला व्यायाम किती वेळा, दिवसातून कितीदा, किती दुखलं तर चालेल, कुठल्या दुखण्याला थांबायचं, पुढची तारीख, आणि फोन केला तर कुणाला व कुठल्या वेळेत. उठायच्या आधी सगळे व्यायाम त्याच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा, नुसतं "कळलं" म्हणू नका.

सांगून टाका: "मला महिन्यातून इतक्याच वेळा येता येईल. त्यात बसेल असं आखून द्या." बहुतेक फिजिओ हे आनंदाने करतात. एखादा कुरकुरला तर त्याला फोनवर व्हिडिओ पाठवायची तयारी दाखवा.

७. घरी बस्तान बसवा

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: गुळगुळीत काठी (लाटणं आखूड पडतं, विळी-खुरप्याचा दांडा नको), मेडिकलमध्ये मिळणारा रबरी पट्टा, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, शिंप्याची टेप, पेन्सिल आणि एक वही. हात सरकणार नाही अशी मोकळी भिंत, आणि हाताशी न हलणारी खुर्ची.

भिंतीवर बोटं जिथे पोचली तिथे पेन्सिलीची बारीक रेघ आणि तारीख. आमच्या भिंतीवर अशी शिडीच उमटली होती. मधे किमोच्या आठवड्यात रेघा खाली आल्या, त्या पुसल्या नाहीत, आणि फिजिओने नंतर त्यांचाच फोटो काढून घेतला. सूज बघायला आठवड्यातून एकदा, सकाळी, दोन्ही हात मनगटापासून ठरावीक अंतरांवर टेपने मोजा आणि वहीत मांडा. दोन्ही हातांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, किंवा बांगडी अचानक घट्ट झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

चालायला बेळगावकरांना व्हॅक्सिन डेपो आहे, किल्ला तलाव आहे. खेड्यात शिवाराचा रस्ता. ध्येय म्हणून हे धरा: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास झपझप चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, किमान तीन महिने. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये कॅन्सरच्या पेशंटसाठी दिलेला हाच हिशेब आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास कुणालाच जमत नाही. पाच मिनिटांपासून सुरू करा. वेग किती? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

जून ते सप्टेंबर आपला पाऊस बाहेर पडू देत नाही आणि खानापूरकडे तर विचारूच नका. शेवाळलेल्या अंगणात चालायचा हट्ट नको. सोप्यातून परसापर्यंत फेऱ्या, देवळाचा सभामंडप, किंवा गॅसवर दूध ठेवून जागच्या जागी पाय उचलणं, सगळं चालतं. (दूध उतू गेलं तर मला सांगू नका.)

"मी दिवसभर राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. घरकामाने चालणं होतं, हे खरं. पण भाकरी थापताना, झाडू मारताना हात खांद्याच्या खालीच राहतो, त्यामुळे आखडलेला खांदा आखडलेलाच राहतो. आणि काही कामं सुरुवातीला सरळ वाईट: भरलेली घागर, गवताचा भारा, धार काढणं. धारेत मूठ सतत आवळलेली असते, वाकून बसावं लागतं आणि म्हशीने पाय झाडला की हात झटकन मागे येतो. ही कामं कधी सुरू करायची ते तारखेनिशी विचारा, आणि त्या तारखेपर्यंत ती कुणी करायची हे घरात आधीच ठरवून घ्या.

८. इथे थांबायचं आणि फोन करायचा

- छातीत दुखणं, दम न आवरणं, चक्कर, धडधड थांबत नाही
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते
- जखमेतून पाणी, पू किंवा रक्त
- किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. यात रात्र काढू नका, व्यायामाचा तर प्रश्नच नाही
- हाडात नवं दुखणं, विशेषतः रात्री झोपमोड करणारं
- झटका, किंवा अचानक हातपाय लुळा पडणं

छाती, दम, झटका यांना १०८. व्यायाम केल्यानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकणं यात येत नाही. त्या दिवशी निम्मं करा, पण करा.

९. ठरवलेलं पुन्हा तपासा

उपचाराचा टप्पा बदलला की आवडही बदलते. ऑपरेशननंतर घराबाहेर पडवत नाही. किमोत दवाखान्यात जायचं म्हटलं की मळमळतं. रेडिएशनला मात्र बहुतेकांना आठवड्याचे पाच दिवस जावंच लागतं, तेव्हा त्याच खेपेत फिजिओ उरकता येतो. सगळं संपल्यावर चार बायका मिळून चालायला जाव्यात असं वाटू लागतं. म्हणून किमोच्या आधी, रेडिएशन संपल्यावर आणि मग दर तीन महिन्यांनी फिजिओसमोर बसून योजना नव्याने आखा. रेडिएशनची जागा नंतरही बरेच महिने आखडत जाते, त्यामुळे हात आता वर जातोय म्हणून त्या भेटी रद्द करू नका.

घरचा व्यायाम सलग दोन आठवडे सुटला असेल तर परत भेट घ्या आणि 'घरी जमत नाही' एवढंच सांगा. कारणं शोधत बसू नका. भेटीला जाताना वही, टेपच्या मापांचं पान आणि भिंतीचा फोटो न्या. सोमवार शक्यतो टाळा, ओपीडीला गर्दी असते. आठवड्याच्या मधला दिवस घ्या, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घेऊनच बाहेर पडा.